रोट सरला नव्हता अन् हात खाजत होते

माझं माहेर पहूरचं, जामनेर तालुक्यातलं, अन् सासर हे इथलं, तापीकाठचं, धुळे जिल्ह्यातलं, म्हणजे एकीकडची बोली एक अन् दुसरीकडची दुसरी, तर माझ्या जिभेची पार खिचडी झालेली आहे, तुम्ही लिहिताना ती नीट करा म्हटलं तर करा, नाही तर राहू द्या, मला काय त्याचं. नाव इंदूबाई. बापाची थोडी जमीन होती, कपाशी लावायचा, आम्ही बहिणी वेचायला. सातवीपर्यंत शिकले, पुढं शाळा होती पण मला कोणी पाठवलं नाही, अन् खरं सांगू का, मी पण काही रडले नाही त्यासाठी. लग्न झालं तेव्हा आमचे हे ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, होते, केळी भरून आग्रा रोडनं वर इंदूर, पार दिल्लीपर्यंत जायचे, ते घरी कमी अन् ट्रकमध्ये जास्त. घरात मी अन् सासूबाई. सासरे आधीच वारलेले. आता सून-सासू दोघीच एका चुलीवर म्हटल्यावर काय होतं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

सासूबाई कडक. शिव्या नाही, मारणं नाही, पण रीत म्हणजे रीत. तुम्ही कानबाई ऐकली असेल, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे बसते, रात्रभर गाणी, सोमवारी नदीवर वाजतगाजत बोळवण. तिचा रोट असतो. मुठीमुठीनं मोजून घेतलेल्या गव्हाचा स्वयंपाक, तो भाऊबंदांनीच खायचा, परक्याला कण द्यायचा नाही, खाली सांडायचा नाही, हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्ड्यात ओतायचं. आमच्या पहूरकडं पण कानबाई आहे पण ह्या घराण्यासारखं कडक मी कुठं पाहिलं नाही. इथली रीत अशी की रोट सरेपर्यंत घरातल्या माणसानं दुसरं अन्न तोंडात घालायचं नाही अन् गावाची शीव ओलांडायची नाही. अन् रोट एका दिवसात सरत नाही ताई, तीन-चार दिवस पुरतो. हे ध्यानात ठेवा, पुढं सगळं त्याच्यावरच आहे.

पहिल्या वेळेला दिवस गेले तेव्हा मी रीतीप्रमाणं माहेरी गेले, पहिलं बाळंतपण माहेरी. आठवा सरत आला अन् माझे तळहात खाजायला लागले. आधी वाटलं केळीच्या चिकाचं असेल, सासरी मी केळीच्या बागेत कामाला जायची, चीक लागला की कापड काळं पडतं तर कातडीचं काय. पण मला माहेरी येऊन महिना झालेला, कुठला चीक अन् कुठलं काय. मग तळपाय. अंगावर फोड नाही, पुरळ नाही, गांधी नाही, कातडी पाहिली तर लोण्यासारखी, अन् आतून अशी खाज की वाटायचं सोलून काढावी. मी बाजेच्या काथ्यावर पाय घासायची, उंबऱ्यावर घासायची, मक्याचं दाणे काढलेलं कणीस घेऊन तळहातावर फिरवायची, रक्त यायचं पण खाज जायची नाही. दिवसा थोडं बरं, दिवस मावळला की पुन्हा सुरू.

अन् बायका काय म्हणायच्या माहिती आहे का. शेजारची म्हणायची, अगं उजवा तळहात खाजतोय, इंदूला पैसा येणार. दुसरी म्हणायची, पाय खाजतो म्हणजे प्रवास घडणार, नवऱ्याच्या ट्रकात बसून दिल्लीला जाशील. सगळ्या हसायच्या, मी पण हसायची. आई म्हणायची, बाळाच्या डोक्यावर केस उगवताहेत, ते आतून टोचतात म्हणून खाज सुटते, जावळ दाट होणार बघ. आई काही वाईट नव्हती हो, जीव लावायची, लिंबाच्या पाल्यानं आंघोळ घालायची, खोबरेल चोळायची, रात्र रात्र बसून पायाला गार पाण्याचं फडकं फिरवायची. तिला जे तिच्या आईनं सांगितलं तेच तिनं मला सांगितलं. दवाखान्यात जायचं कोणाच्या मनातच आलं नाही, खाजेसाठी का कोणी दवाखान्यात जातं, असं होतं तेव्हा.

मग एके सकाळी बाळ हललं नाही. दुपारपर्यंत वाट पाहिली. संध्याकाळी सुईण आली, पोटाला हात लावला अन् माझ्याकडं न बघता आईकडं बघितलं. पुढचं मी सांगत नाही ताई. मुलगा होता. सगळा पूर्ण, नखंसुद्धा. अन् डोक्यावर दाट काळे केस, आई म्हणाली होती तसेच. ते केस पाहून आई जी रडली ती मला अजून ऐकू येते. आणि चार-सहा दिवसांत माझी खाज गेली, जशी काही कधी नव्हतीच. बाळ गेलं अन् खाज गेली. मला राग कोणाचा यावा तेच कळेना, तर मी माझ्या हातांवर राग काढायची, भिंतीवर आपटायची.

मग दुसऱ्यांदा दिवस राहिले, ऐंशीच्या पुढची चार-पाच वर्षं गेली असतील तेव्हाची गोष्ट. ह्या वेळी बाळंतपण सासरीच करायचं ठरलं, माहेरचं नाव काढलं की सासूबाईंचं तोंड वाकडं व्हायचं, एकदा तिथं काय झालं ते पाहिलं नाही का, म्हणायच्या. सातवा झाला, आठवा लागला, मी रोज आंघोळीला बसले की आधी हात पाहायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितं. पोट खाजायचं थोडं, पण ते वेगळं. आमच्या गावाला एक नर्सबाई यायची सायकलवर, ती म्हणाली, पोटाची कातडी ताणली जाते त्याची ती खाज, साधी असते, घाबरू नको, गार पाण्यानं पूस, सुती सैल घाल, नखं काप, खाजवू नको नुसतं हातानं दाब, अन् तिनं गुलाबी लोशनची बाटली दिली. मी तिला पहिल्या वेळचं सगळं सांगितलं. ती सायकल टेकवून उभी राहिली, पहिल्यांदा कोणीतरी माझं हे ऐकून हसलं नाही. म्हणाली, इंदूबाई, हे बघ, अंगावर काही नसताना तळहात-तळपाय खाजायला लागले, रात्री वाढलं, लघवी गडद पिवळी व्हायला लागली, तर मला शोधत बसू नको, लोशन चोळत बसू नको, सरळ धुळ्याला जा, मोठ्या दवाखान्यात, अन् त्यांना सांग रक्त तपासा. अन् बाळाचं हलणं कमी वाटलं तर त्याच दिवशी, दुसरा दिवस बघायचा नाही. मी म्हटलं, बरं. पण मनात मी देवाला म्हटलं, नको, तसं व्हायलाच नको.

झालं तसंच. नववा लागला अन् तळहात खाजले. अन् कधी, तर कानबाई बसायच्या तीन दिवस आधी. काय सांगू तुम्हाला, तो गुरुवार मला दिसतो अजून, मी गहू निवडत होते रोटाचे अन् सुपातले गहू हाताला लागले तर बरं वाटत होतं, खरखरीत, मी ते मुठीत धरून चोळत होते अन् मला कळत होतं की हे काय आहे. सासूबाईंनी पाहिलं. मी म्हटलं, आई, तसंच होतंय. त्या म्हणाल्या, कानबाई माय येस, बठ्ठं चांगलं व्हई. म्हणजे कानबाई येतेय, सगळं चांगलं होईल. मी म्हटलं, मला धुळ्याला जायचं आहे. त्या म्हणाल्या, सोमवार व्हऊ दे, रोट सरू दे, मंग जाय. आमचे हे इंदूरकडं गेलेले, कोणाला सांगू, गावात फोन नव्हता घरी कोणाच्या. अन् मी थांबले. का थांबले, तर भीती हो. एकीकडं ही खाज अन् दुसरीकडं देवी, मला दोघींची भीती वाटत होती.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी कानबाई बसली, चौरंगावर नारळ, त्याला नथ, अंगावर साडी, दिवे, घरभर बायका, गाणी. मी एका कोपऱ्यात पाय पाण्याच्या बादलीत घालून बसलेली. बायका येऊन पाया पडायच्या अन् माझ्याकडं बघून म्हणायच्या, काय व, पाय सुजले का. मी म्हणायची, हो. काय सांगू, पाय खाजतात म्हटलं असतं तर पुन्हा कोणीतरी म्हटलं असतं प्रवास घडणार. लघवी चहासारखी झालेली. डोळे पिवळट वाटले मला आरशात, पण दिव्याच्या उजेडात काय पिवळं अन् काय नाही. रोट खाल्ला, तोंडात फिरत होता नुसता.

सोमवारी सकाळी बोळवण झाली. घरी आले, बसले, अन् लक्षात आलं की सकाळपासून बाळानं एकदाच पाय मारला, तोही हळू, जसं कोणी झोपेत हलतं तसा. रोज नदीवरून यायच्या वेळेला तो धिंगाणा घालायचा आत. मी डाव्या कुशीवर पडले, पाणी प्याले, वाट पाहिली. एकदा हललं. मग नाही. मी उठले, लुगडं बदललं, पिशवीत एक चादर टाकली अन् दाराशी आले.

सासूबाई ओट्यावर बसलेल्या, समोर रोटाचं टोपलं झाकलेलं. म्हणाल्या, कोठे चालनी व. मी म्हटलं, धुळ्याला. त्या म्हणाल्या, आजून रोट सरना नही. शीव ओलांडशी त कानबाई कोपई. अन् मग ताई, मी काय बोलले ते मी आयुष्यात कधी कोणा मोठ्या माणसाला बोलले नव्हते, मी म्हटलं, कोपू द्या. एक घेतलं आहे माझं, तेव्हा तर मी कोणतीच रीत मोडली नव्हती. आता मी मोडते. पाप माझ्या माथी. मला अडवू नका आई, नाहीतर मी तुमच्यादेखत ह्या ओट्यावर डोकं फोडीन. सगळी गल्ली ऐकत असणार, मला काही पडलं नव्हतं. अन् मी चालायला लागले. फाटा दूर होता, ऊन नव्हतं, आभाळ होतं, चिखल होता, मी पोटाला हात लावून चालतेय अन् आतल्याला म्हणतेय, हल रे राजा, नुसता एकदा हल.

शिवेवरचं लिंबाचं झाड आलं तसं मागून चपलांचा आवाज. सासूबाई. डोक्यावर पदर, काखेत फडक्यात बांधलेलं गाठोडं, धापा टाकताहेत. मला वाटलं, आता ओढून नेणार मागं. मी तशीच उभी राहिले, हाताच्या मुठी वळून. त्या माझ्याजवळ आल्या, गाठोडं दाखवलं, त्यात रोट बांधून आणलेला. म्हणाल्या, जठे रोट, तठे घर. चाल. म्हणजे जिथं रोट तिथंच आपलं घर, आपण घराबाहेर पडलोच नाही. बाई काय डोक्याची होती बघा, देवीला पण वाटेला लावलं. अन् माझ्या पुढं होऊन त्यांनी शीव ओलांडली, आधी त्यांनी, मग मी.

एसटी आली, सोनगीरपर्यंत उभ्यानंच, मग एका माणसाला सासूबाई असं काही बोलल्या की तो उठलाच. वाटेत एकदा त्यांनी माझा तळहात हातात घेतला अन् आपल्या खरबरीत अंगठ्यानं चोळत राहिल्या, धुळं येईपर्यंत.

दवाखान्यात बाईडॉक्टर होती, तरुण, कपाळाला घाम. मी एका दमात सगळं सांगितलं, पहिलं बाळ, खाज, लघवी, हलणं. तिनं मला झोपवलं अन् ती कर्ण्यासारखी नळी पोटाला लावून कान दिला. तिचं तोंड मला दिसत नव्हतं. ती जागा बदलायची, पुन्हा कान लावायची. सासूबाई पायथ्याशी उभ्या, दोन्ही हात जोडलेले, कोणाला ते मला माहिती नाही. मग ती बाई म्हणाली, आहे, ठोके आहेत. ताई, मी जी ओरडून रडले, बाजूच्या खाटेवरची बाळंतीण घाबरली.

रक्त घेतलं. डोळे पाहिले, पिवळे आहेत म्हणाली. मग तिनं समजावलं, अन् चांगलं समजावलं, घाई असूनसुद्धा. म्हणाली, हा कातडीचा रोग नाही, लिव्हरचा आहे, काही बायकांना गरोदरपणी पित्त नीट वाहत नाही, रक्तात उतरतं, त्याची ही खाज. आईला फार धोका नसतो, पण बाळ शेवटच्या दिवसांत पोटात अचानक दगावू शकतं. म्हणून आता घरी जायचं नाही, आम्ही लक्ष ठेवू, अन् दिवस पूर्ण व्हायची वाट न बघता कळा आणून मोकळं करू.

तेव्हा सासूबाई बोलल्या. मला वाटलं रोटाचं काही काढतील. त्या म्हणाल्या, डाक्टरबाई, मन्हा दोन गयात पोटमा. माले बी आशीच खाज व्हती. त्या बी आसाच गयात का.

त्यांची पण दोन पोटातच गेलेली, अशीच खाज होऊन, हे मला माहिती नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून मला माहिती नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाली, आजी, तेव्हा कोणी तपासलं नाही, आता मी काय सांगू, असेल किंवा नसेल. खोटं बोलली नाही. सासूबाई खाली फरशीवर बसल्या. नंतर, मी खाटेवर अन् त्या खाली बसलेल्या असताना त्यांनी सांगितलं, रोटाच्या दिवसांत त्या पोटुशी असताना आठवडी बाजारात मूठभर फुटाणे खाल्ले होते, भूक लागली म्हणून. आठ दिवसांत बाळ गेलं. त्यांची सासू उभा जन्म म्हणत राहिली, तू फुटाणे खाल्ले अन् देवीनं पोर खाल्लं. दुसरं गेलं तेव्हाही तेच, कानबाईचा राग गेला नाही म्हणे. म्हणून ती रीत, म्हणून ते कडक. मला राग होता हो त्यांचा, गुरुवारपासून साठवलेला, अन् तो तिथंच गळून पडला, मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, सासूच्या डोक्यावर, सून असून.

पण हसायची गोष्ट पण सांगते. सिस्टर सलाईन लावायला आली तर सासूबाई उठून उभ्या, हे काय शे. सिस्टर म्हणाली, आजी, ह्यात साखर असते, अंगात ताकद येते, जेवणासारखंच. झालं! रोट सरला नाही अन् जेवणासारखं! मी डोळे मिटले, आता काय होतंय म्हणून. सासूबाईंनी बाटलीकडं पाहिलं, नळीकडं पाहिलं, सुईकडं पाहिलं, बराच विचार केला अन् म्हणाल्या, जे तोंडले लागस नही, ते खाणं नही. लाव. म्हणजे तोंडाला जे लागत नाही ते खाणंच नाही. सिस्टरला काही कळलं नाही, तिनं लावलं.

रोट तिथंच सरला, खाटेच्या बाजूला, कण न सांडता. त्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी कळा आणल्या. त्या दोन दिवसांत बाईडॉक्टर येऊन नळी लावायची तेव्हा दर वेळेला माझा जीव टांगणीला, ती कान लावून असेपर्यंत मी श्वास घ्यायची नाही. खाज होतीच, औषधानं थोडी कमी, मी ओल्या फडक्यात हात गुंडाळून पडायची. कळा सोसल्या त्याचं मला काही वाटलं नाही, कळा म्हणजे काहीतरी घडतंय तरी. अन् मुलगी झाली. बारीक, लाल, सुकलेल्या मिरचीएवढी. रडली नाही पटकन, त्यांनी पाठ चोळली, तळपायावर टिचकी मारली, मी म्हणतेय, रड ना गं, रड ना माय. अन् रडली. डोक्यावर केस म्हणाल तर चार. टक्कल होतं जवळजवळ. मी ते टक्कल इतकं चाटलं-चुंबलं की सिस्टर रागावली. दोन-तीन दिवसांत खाज गेली, ह्या वेळेला पोर राहिली अन् खाज गेली.

डॉक्टरबाईनं जाताना बजावलं, पुढच्या वेळेला पण होऊ शकतं, लवकर यायचं. झालं पण, धाकट्याच्या वेळेला, मी आठव्यातच येऊन हजर. तो पण नीट झाला. आमचे हे आता ड्रायव्हर आहेत, पोरगी सातवीत आहे, मी शिकले तेवढी ती आत्ताच शिकली, पुढं तिला कोणी थांबवून दाखवावं. डॉक्टरबाई म्हणाली होती, कधी कधी हे आईकडून लेकीकडं जातं, म्हणून तिला मी आत्तापासून सांगून ठेवलंय, हसते ती, हसू दे. पहिला गेला तो मात्र जातो कुठं, दर कानबाईला आठवतो. त्याला नाव नाही ठेवलं आम्ही. नाव नसलेल्याला हाक कशी मारायची, तरी मारते मी मनात.

सासूबाई आहेत अजून. डोळ्यांनी दिसत नाही आता. आधी कोणी पोटुशी बाई पाया पडायला आली की त्या म्हणायच्या, आंडोर व्हवो, म्हणजे मुलगा होवो. आता तसं म्हणत नाहीत. आता आधी तिचा हात चाचपडून धरतात अन् विचारतात, तुन्हा हात खाजस का, पाय खाजस का. नाही म्हटली की म्हणतात, मंग सुखमा मोकळी व्हय, माय. तोच त्यांचा आशीर्वाद. गेल्या श्रावणात गल्लीतली एक नवी सून आली, कानबाईच्या पाया पडली, मग सासूबाईंच्या, अन् त्यांनी विचारलं तर ती हळूच म्हणाली, हो आजी, खाजतात, चार दिवस झाले. घरात रोट नुकताच मांडलेला, पहिला घास पण कोणी घेतला नव्हता, तिच्या घरी पण तसाच. ती पोरगी म्हणायला लागली, रोट सरला की जाते. सासूबाईंनी तिचा हात सोडला नाही, माझ्याकडं तोंड फिरवलं अन् धुळ्याच्या एसटीची वेळ विचारली, इंदू, ऊठ, धुयानी मोटर कव्हय शे.